फिटिंगची जागा आधी मोजा
कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा (वॉटर कूलिंग), तर १० लिटरच्या केसमध्ये २४० मिमीचा एकच रेडिएटर (पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना पुरेल का, असं एकाने विचारलंय. पुरतो, फक्त गेम खेळताना पंख्यांचा आवाज वाढणार हे धरून चला. खरी जागा फिटिंग, म्हणजे नळ्या जोडणारे सांधे, खातात. माझं ९० अंशाचं एक फिटिंग पॉवर सप्लायच्या केबलला भिडत होतं, सगळं पुन्हा उघडावं लागलं. म्हणून आधी पुठ्ठा कापून आत बसवून बघा.

आणि कृपा करून तांब्याच्या ब्लॉकला (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. ॲल्युमिनियम गंजतं, ब्लॉकच्या बारीक खाचा तुंबतात.

पाणी भरताना वीज फक्त पंपाला द्या. केस हळूहळू चारी बाजूंना कलती करा, बुडबुडे निघतात. सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवा, एक थेंब पडला तरी डाग दिसतो.