नागपूर: लाकडी जहाजाचं पहिलंच मॉडेल, फळ्या बसवताना अडलोय. सल्ला हवा

गोरेवाडा

नमस्कार मंडळी. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, हे वाचल्यापासून ते जहाज माझ्या डोक्यातून जात नाही. पुढेमागे त्याचं मॉडेल करायचंच आहे. पण आधी हात बसावा म्हणून दोन डोलकाठ्यांच्या एका साध्या मासेमारी जहाजाचा किट आणला. दुहेरी फळ्यांचा आहे: आतला थर लाइमवुडच्या ५ × १.५ मिमी पट्ट्यांचा आणि वरून अक्रोडाच्या पातळ पट्ट्या.

कणा आणि त्यावर बसणारे, जहाजाला आकार देणारे ११ आडवे साचे नीट चिकटले. डेकच्या रेषेपासून खाली दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या लावल्या आणि इथेच अडलो. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फळ्या एकमेकींवर चढतात, कडा वर उचलली जाते. वाकवताना दोन मोडल्या. आणि चार दिवसांनी पाहतो तर मधल्या भागात फळ्यांमध्ये कागद जाईल एवढ्या फटी. पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजवून ओल्याच फेविक्विकने लावल्या होत्या. पुढे जावं की सगळं काढावं? नागपुरात कोणी हे काम करत असेल तर फार बरं होईल.

जुना रंधा

गोरेवाडा भाऊ, पुढे जाऊ नका, थांबा. तुमच्या तिन्ही अडचणी वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्हींचं मूळ चिकटवण्याच्या आधीच्या कामात आहे.

आधी फटींचं सांगतो, कारण ती आपल्या गावाची भानगड आहे. लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. तुम्ही फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना भिडवून चिकटवल्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्या सुकल्या, आकसल्या आणि फटी पडल्या. पट्टी ओली वाकवायची, पण चिकटवायची कोरडीच. भिजवून वाकवा, जहाजावरच बाइंडर क्लिपांनी आणि टाचण्यांनी धरून ठेवा, पूर्ण सुकू द्या, मग काढून चिकटवा. उन्हाळ्यात हे तासा-दोन तासांत होतं, पावसाळ्यात रात्र लागते. आणि कूलरसमोर बसून हे काम करू नका. कूलरच्या हवेत लाकूड ओल धरतं आणि कूलर बंद झाला की सोडतं. कूलरच्या खोलीत जुळवलेल्या फळ्या पुढच्या आठवड्यात सैल झालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. किटच्या पट्ट्या उघड्या करून, जिथे काम करणार त्या खोलीत आठवडाभर तशाच ठेवा.

मोडण्याचं कारण उष्णता कमी पडली हे आहे. लाकूड वाकतं ते मुख्यतः उष्णतेने, पाणी ती उष्णता आत पोचवायला मदत करतं. दीड मिलिमीटरच्या लाइमवुडला १५-२० मिनिटं भिजवणं पुरतं, रात्रभर नको. मग गरम इस्त्रीच्या कडेवर थोडं थोडं सरकवत वाकवा. एकाच जागी जोर दिला की कडकन जाणारच.

आता नाळेकडचं, आणि हेच खरं शिकण्यासारखं आहे. पट्टी चपट्या बाजूने वाकते, कडेवर वाकत नाही. जहाजाचा घेर मधोमध मोठा असतो, नाळेशी लहान. पूर्ण रुंदीच्या फळ्या तिथे मावणारच नाहीत, म्हणून त्या एकमेकींवर चढतात. त्यांना पुढच्या टोकाकडे निमुळतं करावं लागतं. किती, ते अंदाजाने ठरवू नका. कागदाची पट्टी घ्या, मधल्या साच्यावर डेकच्या रेषेपासून कण्यापर्यंत गुंडाळा, मोजा आणि फळीच्या रुंदीने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या फळ्या. आता प्रत्येक साच्याची तशीच लांबी मोजून तेवढ्याच संख्येने भागा आणि पेन्सिलने खुणा करा. प्रत्येक फळीला त्या त्या साच्यावर किती जागा आहे ते दिसतं. एक नियम पाळा: फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करायची नाही. खऱ्या जहाजावरही सुतार अणकुचीदार टोक सोडत नसत, तिथे खिळा धरत नाही आणि फटीतलं काथ्या-डांबरही टिकत नाही. त्याहून बारीक होत असेल तर दोन फळ्यांच्या जागी पुढे एकच न्यायची.

आणि याच्याही आधीचं काम तुम्ही केलंय का ते लिहिलं नाहीत: साच्यांच्या कडा उतरत्या घासल्या का? नाळेजवळचे आणि मागचे साचे सरळ कापलेले येतात. त्यांच्या कडा तिरक्या झाल्या नाहीत तर फळी फक्त एका धारेवर टेकते. लाकडाच्या पट्टीला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, तीन-चार साच्यांवरून एकदम फिरवा आणि मधूनमधून एक पट्टी आडवी ठेवून पाहा. ती प्रत्येक साच्याच्या पूर्ण जाडीवर बसली पाहिजे. एखादा साचा खोल असेल तर त्यावर पातळ पट्टी चिकटवून भरून घ्या. मला पहिल्या मॉडेलला या कामात तीन रविवार लागले आणि त्यानंतर फळ्या अक्षरशः आपल्या जागी जाऊन बसल्या.

लकडगंजवाला

रंधा काकांशी सहमत. मी लाकडाबद्दल बोलतो, घरचा धंदाच तो. नाळेतल्या पहिल्या दोन साच्यांमधली पोकळी भरून घ्या, फळ्यांना टेकायला जागा मिळते. बालसा शोधत बसू नका, सावरीचं लाकूड मऊ आणि हलकं असतं, चाकूने घडतं.

वरच्या थरासाठी अक्रोडाच्या पट्ट्या कमी पडल्या तर हळदू पाहा. पिवळसर, बारीक पोताचं लाकूड आहे, कंगवे त्याचेच व्हायचे. छोट्या प्रमाणात रेषा मोठ्या दिसत नाहीत. सागवान आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं उत्तम मिळतं, मोह होतोच, पण त्याच्या रेषा ठसठशीत असतात. हातभर जहाजावर त्या दोरखंडासारख्या दिसतात. शिवाय तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही. लकडगंजात उरलेले तुकडे मागितले तर मिळतात, पण अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या आरा मशीनवर निघत नाहीत, त्या घरीच काढाव्या लागतील.

गोरेवाडा

दोघांचे मनापासून आभार. कडा घासल्या होत्या, पण अगदी वरवर. आज पट्टी ठेवून पाहिली, नाळेजवळचे दोन साचे नुसते धारेवर टेकतात. आता फळ्या काढायच्या तर कशा? आणि वरून पाहिलं तर कणाही थोडा डावीकडे गेल्यासारखा वाटतो.

निळी डोलकाठी

दादा, फेविक्विक असिटोनने सुटतं. असिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाने सांध्यावर धरा, काही मिनिटांनी पातळ सुरी सरकवा. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस किंवा देवासमोरचा दिवा जवळ नको. पुढच्या वेळी पांढरा फेविकॉल वापरा. साच्याच्या कडेवर आणि फळीच्या बाजूच्या कडेवरही लावा. चुकलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो, आणि जागेवर सरकवायला वेळ मिळतो. फेविक्विक हवंच असेल तर नुसत्या टोकाशी एक थेंब.

कणा गेला कारण तुम्ही बहुतेक एका बाजूच्या सगळ्या फळ्या आधी लावल्या. एक डावी, एक उजवी, असंच चालायचं, कारण प्रत्येक फळी कण्याला आपल्याकडे ओढते. आत्ता डेक वरून बंद झाला नसेल तर फळ्या काढल्यावर कणा बराचसा परत सरळ येईल. मग सपाट पाटावर दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून ठेवा.

अजून एक. वरून सहा-सात झाल्या की खालून, कण्याला लागून असलेली फळी लावा. ती नाळेकडे फार वर चढू देऊ नका. माझ्याकडून तेच झालं आणि वरच्या सगळ्या फळ्यांचा गळा आवळला गेला.

गोरेवाडा

वरच्या दोन ठेवून बाकीच्या दोन्ही बाजूंनी काढल्या. कणा सरळ आला. उरलेल्या जागेचं माप: मधल्या साच्यावर ८० मिमी, म्हणजे १६ फळ्या. नाळेशी ४४ मिमी. मागे शेवटच्या साच्यावर मात्र ८८ मिमी येतात. हे बरोबर आहे का?

जुना रंधा

बरोबर आहे. नाळेशी ४४ भागिले १६ म्हणजे पावणेतीन मिमी. निम्मे म्हणजे अडीच, त्याच्या वर आहात, एकही फळी गाळायची गरज नाही. मागे ८ मिमी जादा आहेत, तिथे फळी ताणून रुंद होणार नाही. दोन फळ्यांच्या मध्ये पाचरीसारखी निमुळती पट्टी घालायची, साधारण चार-चार मिमीच्या दोन. त्या शेजारीशेजारी नकोत, मध्ये दोन-तीन फळ्या जाऊ द्या. आतल्या थरावर त्यांचा सराव होईल, वर अक्रोड येणारच आहे. उरलेल्या बारीक फटींत त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा आणि पूर्ण वाळल्यावर १२० नंबरने घासा. पहिली डावी-उजवी जोडी बसली की फोटो टाका, नाळेच्या बाजूने काढलेला.