लिंबू कधी पिळायचं?

प्रश्न: पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून भाजी शिजतानाच लिंबू पिळलं तर चालेल का?

– नको, ताटात पिळा. लिंबातलं, भाजीतलं क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं, पाण्यातही उतरतं. भाजी आधी धुवा, मग चिरा. उलट केलं की गळती तिथेच सुरू.

– आणि लिंबू त्याच जेवणात हवं. वनस्पतींतलं लोह बहुतेक फेरिक, म्हणजे शोषायला अवघड रूपात असतं. क जीवनसत्त्व त्याचं फेरस करतं, मग आतड्यात सहज शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू हवंच! सोबत चहा मात्र नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. तासभर थांबा.

– आंबट तेवढं भारी, हा गैरसमज. पेरूत १०० ग्रॅमला क जीवनसत्त्व २०० मिग्रॅच्या आसपास असतं, लिंबाच्या कितीतरी पट. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज २००० मिग्रॅच्या वर नकोत, जुलाब होतात. मुतखडा होऊन गेलाय त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.