राखणीला बसलेला भाचा, मोबाईल आणि वांदर: लक्ष संपलंय की दुसरीकडे गेलंय?

कलमवाला_देवगड:
डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. ऐन हंगाम, भाच्याला खालच्या बागेत राखणीला बसवला, हातात गलोल दिली, वाजवायला डबा दिला, आणि हा मांगराच्या पडवीत मोबाईल घेऊन. दहाच्या सुमाराला वांदरांचा कळप आला, हुप्प्या धरून चौदा-पंधरा तरी असतील, दोन कलमं झोडपली, निम्मे आंबे खाल्ले नि निम्मे नुसते चावून टाकले, आणि याला कळलं कधी तर मी वरून ओरडलो तेव्हा! वीस पावलांवर बसलेला होता. कानात काही नाही, डोळे सताड उघडे. आमचे आजोबा त्याच पडवीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायचे नि फांदी हलली तरी उठायचे. माझं स्पष्ट मत आहे, या पिढीच्या मेंदूतून लक्ष नावाची गोष्टच गेलीय. वेगळं वाटत असेल तर सांगा, पण बाग असेल तरच सांगा.

बंदरनाका:
शंभर टक्के सहमत. माणसाचं लक्ष आता आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशचं नऊ. वाचलंय मी.

शिकवणारी_रत्नागिरी:
बाग नाही, परसात दोन रायवळ आहेत, तेवढ्यावर बोलते. मानसशास्त्र शिकवते. ते गोल्डफिशचं सोडा हो, त्यामागे ना माणसावरचा धड प्रयोग आहे ना माशावरचा, एकाने छापलं नि बाकीच्यांनी उचललं. लक्षाला असं सेकंदात माप नसतंच, काय बघताय त्यावर ते ठरतं.

आता राखण. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर पाणबुड्या शोधणारी माणसं तासन्तास पडद्याकडे बघून बघून ठिपके चुकवायला लागली, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या माणसाने प्रयोग केला, 1948 ला छापून आला. घड्याळासारखा काटा, सेकंदाला एक उडी, आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी, ती दिसली की बटण दाबायचं. बसायचं 2 तास. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या! तिथे कोणाकडे मोबाईल नव्हता. तेव्हा काही घडत नसताना घडेल म्हणून बघत राहणं हे मेंदूला फार जड काम आहे, आणि तेच तुम्ही पोराला दिलंत.

कलमवाला_देवगड:
मॅडम, प्रयोगशाळेतला काटा आणि आमचा हुप्प्या यात फरक आहे. काटा छपरावर उडी मारत नाही. एवढा कळप समोर नाचतोय नि दिसत नाही?

शिकवणारी_रत्नागिरी:
नाही दिसत, तीच तर गंमत. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना व्हिडिओ दाखवला, पांढऱ्या शर्टवाले चेंडू किती वेळा पास करतात ते मोजा म्हणाले, मधून गोरिलाचा वेष घातलेलं माणूस छाती बडवून गेलं, आणि जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. पुढे 2013 ला दुसऱ्यांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्येच गोरिलाचं चित्र टाकलं, 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांनी पाहिलं नाही, आणि त्यांचं तर पोटच बघण्यावर चालतं. त्यातल्या बऱ्याच जणांचा डोळा त्या जागेवर जाऊनसुद्धा! म्हणजे एका गोष्टीकडे लक्ष दिलं की बाकीचं गाळणं हे आलंच. भाच्याचं लक्ष गेलेलं नाही, उलट भलतंच एकवटलेलं होतं, फक्त तुमच्या कलमांवर नव्हतं.

मालवणी_माणूस:
कलमवाल्यानू, माझो आजो पण राखणीक बसायचो, पण जेवान झाला की घोरायचो, उठवूक आजी जायची. तुमच्या आज्याचा खरा काय ता घरात विचारा 😄

पेटीवाला_टेम्पो:
मी पेट्या घेऊन वाशीला जातो, रात्रीचा घाट असतो. मॅडमचं पटतंय पण माझं मत थोडं उलट आहे, मोबाईल निर्दोष नाही. हँड्सफ्री लावला की झालं असं वाटायचं मला, हात तर स्टेअरिंगवर आहेत ना, पण एकदा परशुराम घाटात बायकोशी बोलत होतो नि समोरची बंद पडलेली गाडी मला शेवटच्या क्षणाला कळली. दिसत होती हो, कळली नव्हती. शेजारी किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, बसलेला असतो तोही बडबडतोच, पण वळण आलं की आपोआप गप्प होतो, फोनवरच्या माणसाला वळण कुठे दिसतंय?

शिकवणारी_रत्नागिरी:
यावर अमेरिकेत खरंच प्रयोग झालेत, गाडी चालवल्यासारखं करायला लावून, हातातला फोन आणि हँड्सफ्री यात फरक पडला नाही, दोन्हीत माणसं सिग्नल चुकवतात. किन्नराचं तुम्ही म्हणता तेही त्यांना तसंच दिसलं.

हर्णैची_पोर:
मला एक कळत नाही, आमच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो, शंभर माणसं एकदम ओरडत असतात, बर्फ फोडतायत, बोटींची इंजिनं, आणि माझी आई दुसऱ्याच बाईशी भांडत असताना तिला आमच्या होडीचं नाव बरोब्बर ऐकू येतं. मग गाळणं कुठे गेलं?

शिकवणारी_रत्नागिरी:
छान प्रश्न. गाळणी आहे पण सगळं अडवत नाही, थोडं झिरपतं, आणि स्वतःचं नाव पटकन झिरपतं. पण 1959 च्या नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात एका कानातलं ऐकत असताना दुसऱ्या कानात स्वतःचं नाव आलं तर ते साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनाच कळलं. तुमच्या आईने किती वेळा नाही ऐकलं ते तिला कसं कळणार?

हर्णैची_पोर:
आईला हे सांगायची माझी हिंमत नाही.

फिजिओ_कुडाळ:
लक्ष ही मेंदूतली वेगळी यंत्रणा आहे हे बघायचं असेल तर उजव्या मेंदूला पक्षाघाताचा झटका आलेला पेशंट बघा. आमच्याकडे एक आजोबा होते, नजर चांगली, पण ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवायचे आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच, वर सुनेला म्हणायचे चटणी का नाही वाढली. ताट फिरवलं की खायचे! डोळे धड, डावी बाजू मात्र त्यांच्या जगातच नाही.

कलमवाला_देवगड:
वाचलं सगळं. ताटाचं वाचून जरा गप्प झालो. पण माझा मुद्दा सोडत नाही. समजा लक्ष संपलेलं नाही, दुसरीकडे गेलंय. कोणी नेलं? बोट फिरवलं की नवीन, परत फिरवलं की नवीन, हे मुद्दाम तसं केलेलं आहे. हललं, चमकलं की तिकडे वळायची मेंदूची जुनी खोड वांदर दिसावा म्हणून होती, ती खोड आता खिशातल्या डब्याने पळवली. आंबे गेले ते गेलेच ना.

शिकवणारी_रत्नागिरी:
हे मान्य. पण मग "या पिढीच्या मेंदूतून" हे मागे घ्या. तुम्हीसुद्धा हंगामात रात्री बारा वाजता इथे लिहिताय.

कलमवाला_देवगड:
घेतो मागे, अर्धं. आईला विचारलं मगाशी. म्हणते आजोबा दुपारी झोपायचेच, कुत्रा होता, तो उठवायचा. मला कुत्रा आठवतच नव्हता. उद्यापासून भाचा नि गड्याचा मुलगा, अर्धा अर्धा तास आळीपाळीने, मोबाईल सुट्टीवाल्याकडे.

मालवणी_माणूस:
आणि अर्धो तास झालो ता बघूक मोबाईल लागतलो, ता?