गेलं काय आणि बोभाटा कशाचा: तुमच्या भागातले अनुभव सांगा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीची सभा भरली. विषय एकच: साखळीचोरांचा सुळसुळाट झालाय, कॅमेरे वाढवा. ठराव होणार तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अरे, पण मंगळसूत्र गेलं कुणाकुणाचं?" गेलं होतं एकीचंच, तेही फाटकाबाहेर. तीच हकीकत तीन विंगांत तीन बायकांच्या नावावर फिरत होती. मग चिटणीस म्हणून मी घरोघर वही फिरवली. वर्षभरात काय गेलं, कधी, कुठून, तक्रार दिली का? निघालं ते असं: दुचाकींच्या बॅटऱ्या, दोन सायकली आणि सहा घरांत फोनवरून झालेली फसवणूक. त्यातल्या चौघांनी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्याला यातलं काय दिसणार, कपाळ?

तुमच्याकडे आधी कशाचा बंदोबस्त करायचा हे कसं ठरलं? फसलेले प्रयोगही चालतील.

निवृत्त हवालदार, सातारा

"गुन्हे वाढले" असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, कुठले? दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी आम्ही वेगळी मोजायचो. दिवसा फुटतात ती नोकरदारांची घरं. तिथं शेजारी घरी असला तरी पुरतं. रात्री फुटतात ती गावाला गेलेल्यांची; तिथं गस्त लागते. दोन्ही एकत्र मिसळून 'चोऱ्या' म्हटलं की उपाय चुकतो.

मोबाइलचं दुखणं निराळं. गर्दीत खिशातून गेलेला फोन बरेचदा 'गहाळ' म्हणून लिहिला जातो. लोकांनाही ते सोयीचं, नव्या सिमकार्डापुरता दाखला हातात पडला की झालं. पण मग तो चोरीत धरला जात नाही आणि त्या थांब्यावर साध्या वेशातला माणूस कुणी लावत नाही. साखळी ओढून नेली असेल तर तेही नीट लिहून घ्या. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम आहे.

आणि एक, आकडा वाढला म्हणजे साहेब नालायक असं धरू नका. नोंद घेणारा अधिकारी आला की आकडा वाढतोच. असे साहेब बैठकीत बोलणी खाताना मी पाहिलेत.

शेतकरी, पैठण तालुका

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी होती, आमचंही. पोरं काठ्या घेऊन वेशीवर. ड्रोनवाला कुणी सापडला नाही, पण त्याच दिवसांत विहिरीवरच्या मोटारींची केबल मळ्यातून जात होती. सगळे वेशीवर, मळा मोकळा!

मग पारावर बसून कुणाची केबल कुठल्या रात्री गेली ते मांडलं. ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते, त्या आठवड्यात एकही चोरी नाही. माणूस रानात असतो, तारेत करंट असतो. लाइट दिवसाची झाली की रात्री केबल कापली जाते. आता गस्त त्याच आठवड्यांत, आणि मळ्याच्या रस्त्यालाच.

त्याच दिवसांत एका अनोळखी भांडीवाल्याला पोरांनी अडवलं होतं. हात उचलणार तोच सरपंचांनी राईनपाड्याची आठवण दिली. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं. पोरं गप्प झाली. त्या माणसाला चहा पाजून पाठवलं.

नोकरदार, डोंबिवली

आमच्याकडच्या बैठकीत पुरुषांचा विषय कायम एकच, गाड्यांवरचे ओरखडे. आम्हा बायकांचा त्रास पोलीस ठाण्यात कुठंच लिहिलेला नव्हता, कारण तक्रार कुणी केलीच नव्हती. शेवटी भिशीत विषय काढला: रात्रीच्या लोकलनंतर कुठून वळसा घालून येता? अकरा जणींनी एकाच गल्लीचं नाव घेतलं. दोन दिवे बंद आणि मध्ये पत्र्याचं कुंपण. खांबांचे क्रमांक टिपून महापालिकेत अर्ज दिला. दिवे तिसऱ्या अर्जाला लागले. कुंपण आहे तिथंच आहे. मी अजूनही वळसा घालते, खोटं कशाला सांगू.

लंडनहून

इथे २०११ पासून पोलिसांच्या संकेतस्थळावर गल्लीवार गुन्ह्यांचा नकाशा मिळतो. घर घेताना आम्ही तो बघून घाबरलो. मग कळलं, घटनेची नेमकी जागा दाखवतच नाहीत, जवळच्या एका ठरावीक ठिकाणावर बिंदू टाकतात. बरंचसं आमच्या चौकातल्या दुकानातल्या उचलेगिरीचं होतं.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

चिटणीस, तुमच्या वहीत मी लिहिलं नसतं. पोलीस असल्याचं सांगत एकजण व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झालीय" म्हणाला आणि मी सबंध दुपार खोलीचं दार लावून बसले. अशी अटक कायद्यात नसतेच, हे नंतर कळलं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तोवर मी पाठवलेले पैसे पुढे गेले होते. तासाभरात केला असता तर कदाचित ते वाटेतच अडवले गेले असते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी हा नंबर फळ्यावर लिहिला, "एका ओळखीच्या बाईंचं झालं" असं सांगून. त्यानंतर तिघी हळूच जवळ येऊन बोलल्या. मुलाला अजून माहीत नाही. इथं नाव द्यावं लागत नाही म्हणून लिहिलं.