एज्युकेशनल गेम घेताना बघायचं काय? माझं मत, तुमचंही सांगा

फोंड्याची आई
डब्यावर नाहीतर ॲपवर 'एज्युकेशनल' लिहिलंय म्हणून गेम घेऊन देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बघायचं एकच, पोर चुकलं की गेम काय करतो. बऱ्याच गेममध्ये लाल फुली येते, पोर दुसरं बटण दाबतं, मग तिसरं, चारात एक बरोबर असतंच, मग कॉईन पडतात नि फटाके फुटतात. सात अधिक पाच किती ते त्याला अजून येत नसतं पण लेव्हल मात्र पुढे गेलेली असते. याउलट स्क्रॅच घ्या, रंगीत ब्लॉक जोडून पडद्यावरचं मांजर चालवायचं, म्हणजे पोरांचं प्रोग्रॅमिंगच, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी २००७ मध्ये आणलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात मांजर भलतीकडे गेलं तर का गेलं ते पोरालाच शोधावं लागतं, ब्लॉक हलवून परत चालवून बघावं लागतं. पाच ते सात वर्षांच्यांना स्क्रॅच ज्युनियर आहे, वाचता येत नसलं तरी चालतं. पैसे भरायच्या आधी आईबापांनी स्वतः बसून मुद्दाम चुकीची उत्तरं देत खेळून बघा, लगेच कळतं.

म्हापशेकर
ताई, मुळात स्क्रीनच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, एक वर्षाच्या पोराला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको. बुद्धिबळाचा पट आणा की. २०२५ चा वर्ल्ड कप आपल्या गोव्यात झाला, अनुराग म्हामल, लिओन मेंडोन्सा हे ग्रँडमास्टर आपल्याच मातीतले. पटावर चूक केली की घोडा जातो, यापेक्षा चांगला मास्तर कुठला? आणि लगोरी, सागरगोटे यांना चार्जर लागत नाही. विकतचं खेळणं घ्यायचं तर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या जत्रेत, बिनमार्काची खेळणी सर्रास दिसतात.

डिचोलीची टीचर
मी मराठी प्राथमिकला शिकवते आणि मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. फोंड्याच्या ताई, सगळंच शोधून काढायचं नसतं हो. पाढे, बेरजा, जोडाक्षरं ही घोटूनच पक्की होतात, आणि जे पोर वर्गात तोंड उघडत नाही त्याला पटकन 'बरोबर' ऐकायला मिळालं तर ते पुढची दहा गणितं करतं. कॉईन मिळाले म्हणून गेम वाईट होत नाही. माझी अडचण वेगळी आहे, सूचना सगळ्या इंग्रजीत, पोराला गणित येत असतं पण काय विचारलंय तेच कळत नाही, मग ते रंग बघून बटणं दाबत सुटतं. मराठीतले गेम बघावे तर बरेचसे 'अ अननसाचा' वर संपतात, चित्राला बोट लावलं की झालं. बोटाने अक्षर गिरवायला लावणारा, आणि वळण उलट गेलं तर थांबवणारा गेम मिळाला तर मी आनंदाने वर्गात वापरीन.

साखळीचा बाबा
'मेंदू तल्लख करतो', 'स्मरणशक्ती वाढते' असं लिहिलेलं मी बाजूलाच ठेवतो. ल्युमॉसिटी नावाच्या ब्रेन गेमवाल्यांना अशाच दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते, दाव्यांना पुरेसा पुरावाच नव्हता. इथे घरी येऊन वर्षाचं पॅकेज गळ्यात मारणारे पण तेच बोलतात आणि आपण पोराच्या भविष्याच्या नावाने सही करतो.

फोंड्याची आई
टीचर, घोटण्याचं मान्य, पाढ्यांना तेच लागतं. पण मग गेममध्ये टायमर बंद करता आला पाहिजे, आणि चुकलेलं गणित थोड्या वेळाने परत आलं पाहिजे, नाहीतर पोर येणारंच गणित घोटत बसतं आणि न येणारं तसंच राहतं. म्हापशेकर दादा, घोडा का गेला हे सांगायला पटाशेजारी कोणीतरी बसावं लागतं. आईबाप दोघं कामावर, आजी गावात, अशा घरात तो पट कपाटावर धूळ खातो हो.

म्हापशेकर
मग कोणीतरी बसाच. अर्धा तास. ॲप शोधण्यात तेवढा जातोच की.

डिचोलीची टीचर
दादा, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया फॅक्टरीत शिफ्टला जातात. अर्धा तास कुठून आणू त्यांच्यासाठी ते पण सांगा.