मदत हवी आहे : रिसिन जैविक अस्त्रात धरायचं की रासायनिक?

नमस्कार मंडळी. भाची ठाण्यात अकरावीला आहे, रविवारी वक्तृत्व स्पर्धा. विषय तिनेच ओढवून घेतलाय : जैविक अस्त्रे. (मी म्हटलं होतं, मोबाइलचे दुष्परिणाम घे.)

व्याख्येपर्यंत गाडी ठीक आहे. 1925 च्या जिनिव्हा करारात फक्त वापरावर बंदी होती. 1972 चा करार 1975 मध्ये लागू झाला, त्यात तयार करणं आणि साठवणंही बंद. शांततेच्या कामासाठी समर्थनीय असेल तेवढं चालतं, म्हणजे लशीच्या प्रयोगशाळेतला अँथ्रॅक्सचा जिवाणू अस्त्र ठरत नाही. हे तिला पटलंय.

घोडं अडलंय रिसिनपाशी. एरंडाच्या बीमधलं हे विष. ना जिवंत, ना पसरणारं. तरी 1972 च्या करारात जैविक विषं येतात, आणि रासायनिक अस्त्रांच्या करारातही रिसिन नावानिशी आहे! परीक्षकांनी विचारलं तर एका वाक्यात काय सांगावं? 'दोन्ही' म्हटलं तर चालेल का?

संरक्षणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारं कुणी नौपाडा-पाचपाखाडीकडे असेल तर आम्ही येऊन भेटतो. नेरूळ-वाशीलाही येऊ, फक्त शनिवार संध्याकाळच्या आत.