एच-४ व्हिसाची मुलाखत जवळ आलीय आणि नवरा नोकरी बदलतोय. काय करू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, सासर विश्रामबागला. नवरा टेक्सासमध्ये एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. माझी एच-४ ची, म्हणजे त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसाची मुलाखत मुंबईत डिसेंबरात होती. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांचीही सोशल मीडिया खाती तपासायला लागले, बऱ्याच जणांच्या तारखा पुढे गेल्या, त्यात माझीही गेली.

आता नवी तारीख जवळ आलीय, तर नवऱ्याला दुसरीकडून ऑफर आली. त्याच्या आत्ताच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय, त्यामुळे त्याने जावं असं मलाही वाटतं. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, मग मी व्हिसा मागायचा कशाच्या जोरावर?

अडचण अशी, की माझ्या फाइलमध्ये सगळं जुन्या कंपनीचं आहे. आय-७९७ (एच-१बी मंजूर झाल्याचा कागद), पगाराच्या स्लिपा, एचआरचं पत्र. डीएस-१६० मध्येही (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात) जुनाच पिटिशन नंबर, म्हणजे जुन्या कंपनीने त्याच्यासाठी केलेल्या अर्जाचा. नवीन कंपनीने ट्रान्सफरचा अर्ज भरला की मंजुरीआधीच तिकडे रुजू होता येतं, हे माहितीय. पण मी मुलाखतीला कुठल्या कागदांवर जाऊ? का नवीन आय-७९७ येईपर्यंत तारीखच बदलून घेऊ? सासूबाईंचं म्हणणं, "आधी व्हिसा पदरात पाडून घे, मग त्याला काय नोकऱ्या बदलायच्या त्या बदलू दे." ऑफरवाले तेवढे थांबायला हवेत ना!

आणखी एक. लग्न तासगावजवळच्या गावी झालं. ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र मराठीत, हाताने भरलेलं. भाषांतर लागेल का?

(फोटोचं मात्र सांगितलंच पाहिजे. दोन बाय दोन इंचाचा फोटो काढायला गेले, तर स्टुडिओवाल्याने स्थळाला पाठवायचा असल्यासारखा चेहरा उजळून गालावरचा तीळसुद्धा पुसून दिला. म्हटलं, दादा, तीळ पासपोर्टवर आहे, तो परत आणा.)

प्रतिसाद

ताई, मुलाखतीच्या दिवशी नवरा ज्या कंपनीत काम करत असेल, तिचे कागद न्यायचे. तुमचा एच-४ त्यांच्या स्टेटसवर उभा आहे, अमुक एका कंपनीवर नाही. अजून जुन्याच नोकरीत असतील तर जुना आय-७९७ आणि ताज्या स्लिपा चालतील. रुजू होऊन मंजुरी आली असेल तर नवीन आय-७९७ न्या. अडकायला होतं ते मधल्या काळात, म्हणजे नवीन कंपनीत रुजू झालेत पण हातात नुसती पावती आहे. बेकायदेशीर काही नाही, पण अधिकारी २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवून ठेवल्याची चिठ्ठी देऊन मंजुरी आणा म्हणू शकतो.

म्हणून नवीन कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंग (जादा फी भरून लवकर निकाल) करायला सांगा. कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर येतं, फार तर जादा कागद मागतात. मुलाखतीची तारीख त्याच्या अलीकडची असेल तर रुजू होणं मुलाखतीनंतर ठेवता येतं का विचारा. पंधरवडा-तीन आठवडे कंपन्या थांबतात. जुन्या कागदांवर स्टँपिंग झालं, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लागला तरी तो व्हिसा वाया जात नाही, प्रवासात नवीन आय-७९७ ची प्रत जवळ ठेवायची.

कंपनी बदलून मुलाखत होणार असेल तर डीएस-१६० नव्याने भरा आणि तोच नंबर अपॉइंटमेंटला जोडा. दोन्ही जुळले पाहिजेत. प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर करून घ्याच.

आणि मंजुरी येईपर्यंत नवऱ्याला भारतात येऊ देऊ नका, अगदी सख्ख्या दिराचं लग्न असलं तरी. नव्या एच-१बी अर्जांवरची सप्टेंबर २०२५ पासूनची एक लाख डॉलरची फी तिथे राहूनच कंपनी बदलणाऱ्याला लागत नाही, एच-४ ला तर नाहीच. पण अर्ज अर्धवट असताना देश सोडला की नसता घोळ होतो.

मूळ लेखिका

खूप आभार! रुजू व्हायची तारीख पुढे मागायला त्याला आजच सांगते. इन्स्टाग्राम पब्लिक केलंय. हळदीत मामेभावाने मला टॅग करून टाकलेले नाचाचे व्हिडिओ आता अमेरिकन सरकार बघणार, इलाज नाही. तिकडे गेल्यावर मला नोकरी करता येईल का?

प्रतिसाद

लगेच नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी भरते तो अर्ज) मंजूर झाला की एच-४ वर ईएडी, म्हणजे नोकरीची परवानगी मागता येते, २०१५ पासून तशी सोय आहे. नवीन कंपनी ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करते, हे ऑफरवर सही करायच्या आधी विचारायला सांगा. आणि व्हिडिओ काढून टाकत बसू नका, राहू देत.